टिक्स आणि ओसीडी, एकाच पोराला दोन्ही? निदान-उपचारात नवीन काय चाललंय (नागपूर)

मनीषनगर_बाबा

मुलगा चौथीत आहे. पहिलीत डोळे मिचकवायला लागला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थेंब दिले. दुसरीत मान झटकणं आलं, मग घशातून ‘हंऽ हंऽ’. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटलं. सिरप, नाकातला स्प्रे, सगळं झालं. मधे कोणीतरी फिट्स म्हणालं, तर ईईजी काढला, तोही नॉर्मल. आता मेंदूविकारतज्ज्ञांनी टुरेट सिंड्रोम सांगितलंय, अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या झटक्यांना-आवाजांना ते टिक्स म्हणतात. ‘ओसीडीचाही भाग वाटतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा’ असंही म्हणाले.

ओसीडी म्हणजे तेच विचार किंवा त्याच कृती पुन्हापुन्हा केल्याशिवाय राहवत नाही तो आजार. त्याचा भाग असा. घराबाहेर पडताना दाराच्या कडीला हात लावतो, आधी उजवा, मग डावा. दोन्ही हातांना सारखा दाब बसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. खाली व्हॅनवाला हॉर्न वाजवून राहिलेला असतो आणि हा कडीपाशी उभा. कशाची भीती वाटते का विचारलं तर म्हणतो, ‘भीती नाही बाबा, बरोबर नाही वाटत.’

हे टिक समजायचं की ओसीडी? औषध लगेच सुरू करायचं का? इंटरनेटवर मनगटावरचं यंत्र, चुंबकीय उपचार, नवीन गोळ्या असं खूप काही दिसतं. त्यातलं खरं काय? ज्यांनी भोगलंय किंवा ज्यांना कळतं त्यांनी लिहा. बाबा-बुवा नकोत, आधीच सांगतो. घरातूनच दोन पत्ते आलेत.

महालची_काकू

अहो, आमच्या भाच्याचंही असंच होतं. नाक उडवायचा सारखा. दहावीपर्यंत आपोआप गेलं. कोणी काही केलं नाही, फक्त त्याच्या आजीने सगळ्यांना दम दिला होता की पोराला टोकायचं नाही. तुम्ही उगाच घाबरू नका.

नाईट_ड्यूटी

मानसोपचारात एमडी करतोय, इथेच नागपुरात. नाव-गाव विचारू नका. इथे बसून मी कोणाचं निदान करत नाही, पण माहिती सांगता येईल.

काकूंच्या भाच्याची आजी आधुनिक होती. टिक्स साधारण ४ ते ६ वर्षांच्या वयात सुरू होतात, १० ते १२ च्या सुमारास सगळ्यात जोरात असतात आणि बहुतेक मुलांमध्ये पुढे खूप कमी होतात. म्हणजे चौथी-पाचवीतलं पोर अगदी चढावर असतं. मुलींपेक्षा मुलांमध्ये तिप्पट-चौपट.

टुरेट म्हणायला एकापेक्षा जास्त हालचालींच्या टिक्स आणि निदान एक आवाजाची टिक लागते. सुरुवात होऊन वर्ष उलटलेलं हवं, आणि ती १८ वर्षांच्या आत झालेली हवी. रक्ततपासणी नाही, एमआरआयची साधारणपणे गरज नाही. विचारून आणि बघून होणारं निदान आहे, म्हणूनच ते चुकतं. डोळे मिचकावले की नेत्रतज्ज्ञ, घसा खाकरला की कान-नाक-घसा. प्रत्येकजण आपल्या तुकड्यापुरतं बघतो. तुमच्या मुलाची फेरी नेहमीचीच आहे.

आणि शिव्या देणं म्हणजे टुरेट, हा सिनेमातला समज. तसं १० ते २० टक्क्यांमध्येच दिसतं.

आता कडीचा प्रश्न. तुमच्या मुलाने अर्धं उत्तर स्वतःच दिलंय. टिक आणि ओसीडीची कृती बाहेरून सारखीच दिसू शकते, फरक त्याच्या आधीच्या क्षणात असतो. टिकच्या आधी शरीरात काहीतरी दाटून येतं, ताण, खाज, शिंक येण्याआधीसारखं. ओसीडीत बहुधा विचार असतो: हात धुतले नाहीत तर आई आजारी पडेल, गॅस चालू राहिला तर घर जळेल. तिसरा प्रकार या दोघांच्या मधोमध बसतो. भीती नाही, विचार नाही, फक्त ‘बरोबर बसलं नाही’. टिक्स असलेल्या मुलांच्या ओसीडीत हे जास्त दिसतं. २०१३ साली मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली. तिने ओसीडीला चिंताविकारांमधून काढून वेगळं प्रकरण दिलं आणि ‘टिक्सशी निगडित ओसीडी’ अशी नोंद करायची सोय केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात टुरेट मेंदूविकारांमध्ये आहे, पण ओसीडीच्या गटातही त्याचा उल्लेख आहे. म्हणजे दोन्ही खात्यांनी अर्धा-अर्धा सातबारा घेतलाय.

भिवापुरी_ठेचा

डाक्टरसाहेब, मले त एकच विचाराचं हाये. माह्या पुतण्याले बी असंच हाये, त्याची माय त्याले दिवसभर ‘डोये नको मिचकवू’ म्हणते. त्यानं फरक पडते का नाही?

नाईट_ड्यूटी

@भिवापुरी_ठेचा पडतो, उलटा. लक्ष गेलं की टिक्स वाढतात. टिक्सबद्दल नुसतं बोलत बसलं तरी वाढतात. माझ्यासमोर ओपीडीत आई यादी वाचायला लागली की पोराच्या सगळ्या टिक्स हजेरी लावून जातात.

परसोडीचा_पक्या

मी स्वतः टुरेटवाला. वय ३१, आयटी पार्कमध्ये नोकरी. मेट्रोत माझ्या शेजारची सीट बऱ्याचदा रिकामी असते, हा एक फायदा.

आतून कसं असतं ते सांगतो, कारण डॉक्टर बाहेरून सांगतात. माझी मानेची टिक आहे. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, एक जागा हळूहळू भरत जाते. दुखत नाही. पण दुसरं काही सुचत नाही. मान झटकली की दोन सेकंद मोकळं, आणि परत भरणं सुरू. ‘मुद्दाम करतो का?’ असं विचारतात, तर धड मुद्दाम नाही आणि धड आपोआपही नाही. थोडा वेळ थांबवता येतं, म्हणून लोकांना वाटतं पूर्ण थांबवता येईल. शाळेत एका सरांनी मला वर्गाबाहेर उभं करून ‘आता थांबव’ म्हटलं होतं. बाहेर कोणी नव्हतं, तिथे मी आरामात झटकत बसलो.

सत्ताविशीत थेरपिस्टकडे सीबिट शिकलो, म्हणजे टिक्ससाठीचा वर्तन-उपचार, ऑनलाइन. सोपी वाटते पण मेहनत आहे. आधी उबळ ओळखायला शिकवतात, टिक व्हायच्या आधी. मग त्या टिकला आडवी जाणारी हालचाल. मानेसाठी हनुवटी किंचित खाली, मानेचे स्नायू हलके ताठ, नजर समोर. उबळ उतरेपर्यंत तसंच. घशातल्या आवाजासाठी तोंड बंद, नाकाने सावकाश श्वास. समोरच्याला कळतही नाही. आणि कुठल्या प्रसंगाने टिक वाढते तेही बघतात. माझ्या बाबतीत फोनवर थांबून राहणं, आणि मे महिना. हसू नका. उष्णतेने टिक्स वाढतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, आणि नागपूरच्या ४५ अंशांत मला वेगळा अभ्यास करायची गरज नाही.

टिक्स गेल्या? नाही. पण मान आता दिवस खात नाही.

मनीषनगर_बाबा

@परसोडीचा_पक्या फार उपकार झाले. माझी भीती ही की दाबून ठेवलं तर नंतर दुप्पट बाहेर येईल. शाळेतून आला की तासभर नुसता धुमाकूळ असतो.

परसोडीचा_पक्या

शाळेनंतरचा धुमाकूळ खरा आहे, मलाही व्हायचा. पण मला वाटतं तो दिवसभराच्या थकव्याचा असतो. साठवण संपली असा हिशेब नाही. डॉक्टर सांगतील.

नाईट_ड्यूटी

बरोबर. ‘दाबलं की उसळतं’ हे प्रयोगशाळेत तपासून झालंय. मुलांना ठरावीक वेळ टिक्स रोखायला सांगितल्या आणि नंतर मोजलं, तर टिक्स पूर्वीच्या पातळीवर आल्या, त्यापेक्षा वर गेल्या नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण याच भीतीने कित्येक वर्षं डॉक्टरही वर्तन-उपचार सांगायला कचरत होते.

सीबिटचा गाभा असलेली सवय उलटवण्याची पद्धत १९७३ पासून आहे, पण मोठा पुरावा २०१० साली आला. १२६ मुलं, वय ९ ते १७. अर्ध्यांना सीबिट, अर्ध्यांना नुसती माहिती आणि आधार. पहिल्या गटात ५२.५ टक्के मुलं स्पष्ट सुधारली, दुसऱ्यात १८.५ टक्के. प्रौढांवरच्या २०१२ च्या अभ्यासात आकडे कमी होते, ३८ विरुद्ध ६, पण दिशा तीच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात टिक्स फार त्रास देत नसतील तर थांबून बघणंही योग्य म्हटलंय, आणि उपचार करायचाच तर औषधाआधी सीबिट.

म्हणून @मनीषनगर_बाबा, ‘लगेच औषध?’ याचं उत्तर: मुलाला त्रास किती होतो यावर. तुम्हाला किंवा शाळेला किती होतो यावर नाही.

तर्कट

सगळं मोबाईलचं आहे. २०२० पासून बघा, घराघरात टिक्स. रील्स बघून पोट्टे नकला करतात. काढून घ्या मोबाईल, आठ दिवसांत बरं.

नाईट_ड्यूटी

@तर्कट तुमच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे, बाकी गुंता आहे. करोनाच्या काळात ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, अमेरिका इथल्या दवाखान्यांत एकदम नवीन प्रकारचे रुग्ण वाढले. बहुतेक किशोरवयीन मुली, सुरुवात एका दिवसात किंवा आठवड्यात, मोठमोठ्या हातांच्या हालचाली, लांब शब्द किंवा वाक्यं. त्यातल्या अनेकींनी टिक्सचे व्हिडिओ खूप बघितले होते. याला आता टिकसदृश फंक्शनल लक्षणं म्हणतात. २०२२ मध्ये युरोपातल्या टुरेट-तज्ज्ञांच्या संघटनेने दोन्ही वेगळं ओळखायचे निकषही मांडले. ती नक्कल नसते, त्या मुलींना खरंच त्रास होतो, फक्त उपचाराची वाट वेगळी असते.

या मुलाचं तसं दिसत नाही. पहिलीत डोळ्यांपासून सुरुवात, हळूहळू मानेकडे, मग आवाज. टुरेटचा हा नेहमीचा प्रवास. १८८५ मध्ये पॅरिसला जिल द ला टुरेट यांनी नऊ रुग्णांचं वर्णन केलं तेव्हाही असंच होतं, आणि तेव्हा मोबाईल नव्हते.

तर्कट

ठीक. तरी मोबाईल काढून घ्या.

संत्रावाली

मी ओसीडीची बाजू लिहिते. आमच्या घरात हे वीस-एक वर्षं ‘सोवळं’ म्हणून खपलं. मी हात धुवायचे तर सासूबाई कौतुकाने सांगायच्या, ‘आमची सून फार स्वच्छ.’ त्यांचा दोष नाही. त्यांचं सोवळं पूजा झाली की सुटायचं, माझं सुटायचंच नाही. रात्री दोनला बेसिनपाशी उभी असायचे. आणि घरचे प्रेमापोटी मदत करायचे, हाच घात. नवरा भाजी आणली की माझ्यासमोर आधी स्वतःचे हात धुवायचा, मग पिशवी, मग पैसे पुसायचा. मुलीला मी हातही न लावता शाळेतून आंघोळीला पाठवायचे. सगळं घर माझ्या भीतीच्या ड्युटीवर.

ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण विधी करायचा नाही अशी थेरपी, सुरू झालं तेव्हा थेरपिस्टने भीतीची उतरंड करून घेतली. सगळ्यात खालची पायरी: चपलांच्या स्टँडला एक बोट लावायचं आणि पाच मिनिटं हात धुवायचे नाहीत. वरच्या पायऱ्यांमध्ये एक होती, त्याच हाताने पोहे भिजवायचे, फोडणी द्यायची, आणि सगळ्यांनी खायचे. मी त्या दिवशी पोहे भिजवताना अक्षरशः घामाने भिजले. कांदा करपला. पण कोणी आजारी पडलं नाही, आणि तर्री टाकून दोन-दोनदा घेऊन खाल्ले. भीती कमी व्हायची वाट बघत काम करायचं नाही, भीती असताना करायचं. ती येते, चढते, आणि हात न धुताही उतरते. एवढं एकदा अंगाला कळलं की अर्धी लढाई.

नवऱ्यालाही शिकवलं. ‘सगळं ठीक आहे ना?’ असं मी विचारलं की त्याने ‘हो’ म्हणायचं नाही. सुरुवातीला मला तो राक्षस वाटायचा.

गोळीही चालू होती, ते लपवत नाही. दोन्ही लागलं.

नाईट_ड्यूटी

संत्रावाली ताईंनी जे लिहिलंय त्याला मी वर्गात शिकवतात त्यापेक्षा जास्त मार्क देईन.

घरच्यांच्या ‘मदतीवर’ आता बराच अभ्यास झालाय. येल विद्यापीठात पालकांसाठीच एक कार्यक्रम तयार झाला. त्यात मुलाला नाही, आईबाबांना शिकवतात: विधी पुरवणं कसं हळूहळू थांबवायचं आणि तरी मायेने कसं वागायचं. @मनीषनगर_बाबा, कडीपाशी तुम्ही व्हॅनवाल्याला थांबवून ठेवत असाल, ‘हो रे, बसला सारखा दाब’ म्हणत असाल, तर तेही यात येतं.

गोळी आणि थेरपीबद्दल: २००४ साली ओसीडी असलेल्या ११२ मुलांवर अमेरिकेत अभ्यास झाला. लक्षणं जवळपास गेली असं किती जणांत? थेरपी आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळून ५३.६ टक्के, नुसती थेरपी ३९.३, नुसती गोळी २१.४, आणि खोटी गोळी ३.६. ओसीडीत या गोळ्यांना ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडतात आणि डॉक्टर बदलतात.

टिक्स सोबत असतील तर आणखी एक गोष्ट. नेहमीच्या गोळीने ओसीडी हटत नसेल तर डोपामिनवर काम करणारं औषध कमी मात्रेत जोडतात. टिक्स असलेल्यांमध्ये या जोडीचा फायदा जास्त दिसलाय. म्हणून ओसीडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला ‘लहानपणी डोळे मिचकवायचात का?’ हे विचारायला हवं. बहुधा विचारत नाहीत.

माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली सगळ्यात कामाची बातमी ही: ताईंनी केलं तेच ईआरपी टिक्सवरही चालतं. उबळ येऊ द्यायची, टिक करायची नाही, उबळीसोबत बसायचं. ब्रिटनमध्ये ऑर्बिट नावाचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ९ ते १७ वयाची २२४ मुलं, घरी बसून इंटरनेटवर दहा आठवडे, मागे एक थेरपिस्ट मेसेजवर. टिक्सच्या तीव्रतेचं माप ० ते ५० असतं. तीन महिन्यांनी ईआरपीच्या गटात ते ४.५ ने उतरलं, नुसती माहिती दिलेल्या गटात १.६ ने. चमत्कार नाही. पण तज्ज्ञ मोजके आणि मुलं हजारो असतात तिथे एवढंही मोठं आहे. कडीला हात लावणं टिक की ओसीडी यावर रात्र जागवू नका म्हणतो, ते यासाठी. ‘बरोबर वाटत नाही, तरी चल’ हा सराव दोन्हीकडे तोच.

मनीषनगर_बाबा

हे वाचून बायकोने पहिल्यांदा मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचत बसली. धन्यवाद.

मनगटाच्या यंत्राचं राहिलं. आणि एका डॉक्टरांनी घशाच्या जंतुसंसर्गाची शंका काढली होती, रक्त तपासू म्हणाले.

नाईट_ड्यूटी

यंत्र खरं आहे. नॉटिंगहॅमच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की मनगटावरच्या मीडियन नसेला ठरावीक तालात हलका विद्युतप्रवाह दिला तर टिक्स कमी होतात. मग घरी वापरायचं घड्याळासारखं यंत्र करून १२१ जणांवर तपासलं. खरा प्रवाह मिळालेल्यांच्या टिक्स सरासरी चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरल्या. आशादायक आहे, पण ऑनलाइन मिळणारं कुठलंही ‘नस-उत्तेजक’ बांधून ते होणार नाही. पैसे वाया घालवू नका.

चुंबकीय उपचाराला, म्हणजे डीप टीएमएसला, अमेरिकेत २०१८ मध्ये ओसीडीसाठी मान्यता मिळाली, तीही प्रौढांसाठी. मेंदूत इलेक्ट्रोड बसवणं हे अगदी कशालाच न जुमानणाऱ्या मोजक्या रुग्णांसाठी. नऊ वर्षांच्या मुलाच्या संदर्भात दोन्ही विसरा.

औषधांत जुनं हॅलोपेरिडॉल आता मागे पडलंय, अरिपिप्राझोलला अमेरिकेत २०१४ मध्ये मुलांच्या टुरेटसाठी मान्यता मिळाली. वजन वाढतं, लक्ष ठेवावं लागतं. नवीन म्हणजे इकोपिपाम. जुनी औषधं डोपामिनचा दुसरा दरवाजा बंद करतात, हे पहिला. २०२३ मध्ये १५३ मुलांवरचा अभ्यास आला: टिक्स उतरल्या, आणि वजन वाढण्याचा नेहमीचा त्रास दिसला नाही.

जंतुसंसर्गाचं: १९९८ मध्ये ५० मुलांच्या वर्णनावरून पँडास ही कल्पना मांडली गेली. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसनंतर रातोरात ओसीडी किंवा टिक्स. ‘रातोरात’ हा त्यातला कळीचा भाग. अजून वाद आहेत. तुमच्या मुलाचं तीन इयत्तांमध्ये सावकाश वाढलंय, तेव्हा केवळ एएसओ (त्या जंतूसाठीची रक्ततपासणी) जास्त आला म्हणून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक कोणी देत असेल तर दुसरं मत घ्या.

महालची_काकू

आणि आईमुळे झालं, मोबाईलमुळे झालं, हे कोणी म्हणू नका. त्याच्या आजोबांनाही खांदा उडवायची सवय असेल, शोधा.

नाईट_ड्यूटी

काकू, तुम्ही आमच्या विभागात या. आनुवंशिकता यात चांगलीच आहे. ओसीडीवर २०२५ मध्ये मोठा जनुकीय अभ्यास आला, ५३ हजारांहून जास्त रुग्ण, ३० जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम चिमूटभर. त्यामुळे ‘ओसीडीची जनुकीय टेस्ट’ कोणी विकत असेल तर हात जोडा.

भिवापुरी_ठेचा

गावावरून याचं म्हटलं त कुठं दाखवाचं? खाजगी परवडत नाही.

संत्रावाली

मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, तिन्ही सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर या, केसपेपरची रांग असते. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. थेरपीची नीट तालीम असलेले मात्र कमी आहेत. पहिल्या भेटीत सरळ विचारा, ‘ईआरपी करता का? घरी गृहपाठ देता का?’ नुसतं ‘मनाला समजवा, विचार करू नका’ म्हणाले तर उठून या.

मनीषनगर_बाबा

शाळेशी उद्या बोलायचं आहे. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, पण त्याला मागच्या बाकावर बसवलंय, ‘बाकीच्यांना त्रास’ म्हणून. काय मागू?

परसोडीचा_पक्या

मागचा बाक तसा वाईट नाही, पाठीवर नजरा नसतात. पण त्याला विचारून ठरवा, शिक्षा म्हणून नको. बाईंना लेखी द्या, दोन ओळी पुरतात: आवाज आणि हालचाली तो ठरवून करत नाही, टोकू नये, नजरही देऊ नये. खूप साठलं तर पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन यायची मुभा. वर्गाला सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडा. मी सातवीत स्वतः सांगितलं, त्यानंतर चिडवणारे दोनच उरले.

आणि तोंडी परीक्षेत त्याचा नंबर पहिला लावायला सांगा. हजेरीच्या क्रमाने शेवटपर्यंत बसवून ठेवलं की नंबर येईपर्यंत मान पार कामातून जाते, आणि पाठ केलेली कविताही.